पाचशेचा बाँड, तीन बोटं आणि सोमवारची सही

पत्र

आमच्या घरचे इथल्या नगर परिषदेच्या पाणीपुरवठ्यात १९ वर्षं होते. पहिले रोजंदारीवर, मग ठेकेदाराच्या मस्टरवर. काम तेच, नदीवरच्या जॅकवेलचा (पाणी उपसायच्या विहिरीचा) पंप चालवायचा. २०२४ च्या पोळ्याच्या दिवशी, २ सप्टेंबरला सकाळी, लाइन गेली म्हणून ते मोटारीपाशी बसून पंपाची ग्लँड (पाणी गळू नये म्हणून असलेली पट्टी) कसत होते. लाइन आली, मोटार ऑटोवर होती, ती आपोआप सुरू झाली आणि मोटार-पंप जोडणाऱ्या कपलिंगमध्ये उजव्या हाताची तीन बोटं गेली. तेव्हा वय ४५ होतं, पगार १२,००० बँकेत यायचा. दवाखान्याला ५८,००० लागले. दिवाळीत ठेकेदारानं १५,००० हातावर ठेवले, एका कागदावर सही घेतली आणि उद्यापासून येऊ नको म्हणाला. आता नगर परिषद सव्वा लाख देतो म्हणते. त्यातून घरपट्टी-पाणीपट्टीची बाकी ३१,४०० कापणार. पाचशेच्या बाँडवर सही पाहिजे. सिव्हिलच्या दाखल्यावर १८ टक्के लिहिलं आहे, त्या हिशोबानं हेच जास्त आहे असं बाबू सांगतात. सायेब म्हन्ते, चूक तुमच्याच मानसाची हाये, सही करा, नाहीतर हेही भेटनार नाही. भासरेही (थोरले दीर) म्हन्तात, हातचं सोडून पळत्याच्या मागं नोको लागू. पोरगी बारावीले हाये. सोमवारी बोलावलं हाये. सही करू का नोको करू, तुमीच सांगा जी.

— एक बहीण, विदर्भातल्या एका लहान गावातून (पत्र इथे थोडक्यात दिलं आहे)

उत्तर

ताई,

सोमवारी सही करू नका. जा, बसा, ते काय म्हणतात ते पूर्ण ऐकून घ्या आणि तेव्हा समोर ठेवतील त्या बाँडच्या मसुद्याची झेरॉक्स मागून घरी या. झेरॉक्स देत नसतील तर मोबाइलमध्ये फोटो काढू द्या म्हणा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. ते असं का आणि त्यानंतर काय करायचं, ते आता सांगतो.

तडजोड करूच नका असं मी म्हणत नाही. घरात कमावता हात बसलाय, पोरगी बारावीला आहे, अशा वेळी तडजोडीला नावं ठेवणारा माणूस मी नाही. पण ती कुठे बसून करता, याला फार महत्त्व आहे. मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये बाँडवर केलेली तडजोड वेगळी आणि नुकसानभरपाई आयुक्तांपुढे नोंदवलेली तडजोड वेगळी. पहिलीत तुमच्या बाजूनं बोलणारं कोणीच नसतं. दुसरीत रक्कम पुरेशी आहे की नाही, हे बघण्याची जबाबदारीच कायद्यानं एका अधिकाऱ्यावर टाकली आहे.

हा कायदा १९२३ सालचा. आधी त्याचं नाव कामगार नुकसानभरपाई कायदा होतं, २०१० पासून कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम झालं. कोर्टाच्या आवारात अजून सगळे ‘वर्कमन कॉम्पेन्सेशन’च म्हणतात, तेव्हा तो शब्द कानावर पडला तर गोंधळू नका. २०२५ च्या नोव्हेंबरच्या २१ तारखेपासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि हा जुना कायदा तिच्यात गेला. पण तुमच्या घरचा अपघात त्याच्या आधीचा, म्हणून हक्क जुन्या कायद्यातला. अर्ज लिहिताना वकील दोन्हींचा उल्लेख करतील, तुम्ही त्याची काळजी करू नका.

या कायद्याचं कलम २८ तुमच्या बाँडबद्दलच आहे. इजेच्या भरपाईची रक्कम मालक आणि कामगारानं आपसात ठरवली, तर त्या कराराची नोंद मालकानं आयुक्तांकडे करून घ्यायची असते. रक्कम अपुरी आहे, किंवा सही फसवून, दडपण आणून घेतली आहे असं दिसलं, तर आयुक्त नोंद नाकारू शकतात आणि योग्य तो हुकूम करू शकतात. नोंदच केली नाही तर काय, हे कलम २९ मध्ये आहे: मालकाला पूर्ण भरपाई द्यावी लागते. शिवाय कलम १७ म्हणतं की कामगारानं आपला हक्क सोडला असं लिहून दिलेलं असलं, तरी तेवढ्यापुरतं ते लिखाण रद्दबातल.

तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या आधीच्या मसुद्यात लिहिलंय, ‘कोणत्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने, भविष्यात कोणताही हक्क सांगणार नाही.’ हे वाक्य मी एवढ्या कागदांवर वाचलंय की डोळे मिटून लिहून देईन. ज्या माणसाला उजव्या हातात पेन धरता येत नाही, त्याच्या डाव्या हाताची वाकडीतिकडी सही अशा वाक्याखाली बघितली की मला आजही झोप लागत नाही.

माझ्या सख्ख्या काकांचा पंजा जिनिंगमध्ये गेला होता. मी तेव्हा सातवीत. मालकाच्या ओसरीवर सतरंजी टाकली होती, गावातले दोन प्रतिष्ठित बोलावले होते, काकूला पातळ दिलं आणि काकांचा अंगठा घेतला. घरी आल्यावर काका म्हणाले, बरं झालं, मिटलं एकदाचं. पुढची तीस वर्षं ते पागोट्याचं एक टोक दातात धरून, दुसरं डाव्या हातानं गुंडाळायचे. पोळ्याला बैलाच्या शिंगाला बेगड चिकटवायलाही शेजारच्या पोराला हाक मारायची. कायद्यानं त्यांना काय मिळायला हवं होतं, हे मी वकिलीला लागलो तेव्हा कळलं. तोवर फार उशीर झाला होता. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, ते यामुळेच.

आता ‘तो आमचा माणूसच नव्हता, ठेकेदाराचा होता’ याबद्दल. तुमच्या पत्रात हे स्पष्ट लिहिलेलं नाही, पण मसुद्यात ‘माणुसकीच्या नात्याने’ असा शब्द आहे, तो त्यासाठीच घातलाय. म्हणजे देणं लागत नाही, तरी दया म्हणून देतो. हे खरं नाही. कलम १२ सांगतं की मालकानं आपल्या नेहमीच्या कामातलं काम ठेक्यानं दिलं आणि ठेकेदाराच्या माणसाला इजा झाली, तरी भरपाई मूळ मालकाकडून मागता येते. पुढे त्यानं ती ठेकेदाराकडून वसूल करावी, तो त्या दोघांचा प्रश्न. नगर परिषद म्हणजे काही धंदा नाही, असा युक्तिवाद करायला जागा राहू नये म्हणून कायद्यानं आधीच लिहून ठेवलंय की स्थानिक संस्थेनं आपली कर्तव्यं पार पाडणं हाच या कायद्यापुरता तिचा धंदा समजावा. गावाला पाणी देणं हे तर नगर परिषदेचं पहिलं काम. अर्जात नगर परिषद आणि ठेकेदार, दोघांनाही सामनेवाले करा.

दुसरा मुद्दा, ‘चूक तुमच्याच माणसाची’. समजा, मोटार ऑटोवरून काढायला भाऊ, म्हणजे तुमचे घरचे, विसरले. तरीही भरपाई बुडत नाही. या कायद्यात निष्काळजीपणा हा मालकाचा बचाव नाही. बचाव तीनच: माणूस दारू किंवा नशेत होता आणि त्यामुळेच इजा झाली, सुरक्षेसाठी स्पष्ट दिलेला हुकूम त्यानं जाणूनबुजून मोडला, किंवा सुरक्षेची वस्तू त्यानं मुद्दाम काढून टाकली. तुम्ही पत्रात एक ओळ जाता जाता लिहिली आहे, ती माझ्या मते सगळ्यात मोलाची: कपलिंगवरची जाळी दोन वर्षांपासून नव्हती आणि मोटार ऑटोवर ठेवायला साहेबांनीच सांगितलं होतं, कारण रात्री लाइन आली की टाकी भरली पाहिजे. म्हणजे जाळी भाऊंनी काढली नव्हती, ऑटोही त्यांच्या मर्जीनं नव्हतं. पंपहाऊसच्या लॉगबुकात जाळी बसवा म्हणून कधी नोंद केली असेल, तर ते पान लाख रुपयांचं आहे.

पोळ्याचा दिवस होता, त्यामुळे दारूचा आरोप येऊ शकतो. तो आला तर घाबरू नका. ग्रामीण रुग्णालयात नेल्याबरोबर जो पहिला केसपेपर झाला आणि एमएलसी (पोलिसांना कळवायची दवाखान्याची नोंद) झाली, त्यावर डॉक्टर वास येत असेल तर लिहितात. लिहिलं नसेल तर तो कागदच उत्तर आहे. त्याची प्रत आधी मिळवा.

आता आकडे बघू. वही-पेन घ्या, पोरीला शेजारी बसवा, बारावीची पोरगी हे गणित सहज करेल.

महिन्याचा पगार १२,०००. कायमच्या अपंगत्वाला त्याचे ६० टक्के धरतात, म्हणजे ७,२००. (हिशोबात पगार जास्तीत जास्त १५,००० धरता येतो, ही मर्यादा २०२० पासूनची. भाऊंचा पगार तिच्या आतच आहे.) मग वयाप्रमाणे एक गुणक असतो, कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत. वय ४५ ला तो १६९.४४ आहे. ७,२०० गुणिले १६९.४४ म्हणजे १२,१९,९६८. माणूस पूर्णच अपंग झाला असता तर ही रक्कम. आता तीन बोटं. पहिल्या अनुसूचीत एकेका अवयवासमोर टक्का छापलेला आहे: एका हाताची चार बोटं गेली तर ५०, तीन गेली तर ३०, दोन गेली तर २०. भाऊंची तीन. १२,१९,९६८ चे ३० टक्के ३,६५,९९०.

सिव्हिलच्या दाखल्यावरचे १८ टक्के इथे चालवायचे नाहीत. तो दाखला अपंगाच्या सवलतींसाठी, बसच्या पाससाठी, यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी). त्यात शरीराचं अपंगत्व मोजलेलं असतं. हा कायदा कमाईची ताकद किती गेली ते मोजतो, आणि अनुसूचीतल्या इजेला टक्का आधीच ठरवून दिलेला आहे. बाबूंनी दोन्हींची सरमिसळ केली, मुद्दाम की नकळत ते मला माहीत नाही. आणि त्यांच्याच १८ टक्क्यांनी गुणलं तरी २,१९,५९४ येतात. म्हणजे सव्वा लाख हा आकडा कुठल्याच हिशोबातून निघत नाही.

३० टक्के ही माझ्या मते खालची पायरी आहे. पंपचालकाचा उजवा हात म्हणजे पाना धरायचा, व्हॉल्व्हचं चाक फिरवायचा, ग्लँडची दोरी भरायचा हात. अंगठा आणि करंगळीनं पाना धरून दाखवा म्हणावं कोणीही. सर्वोच्च न्यायालयानं १९७५ सालीच एका सुताराच्या खटल्यात, त्याचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता, तो आता सुतारकाम करू शकत नाही म्हणून शंभर टक्के नुकसान धरलेलं मान्य केलं. तुमच्या बाबतीत तेवढं मिळेलच असं मी सांगत नाही, तशी आशा लावून बसूही नका. पण भाऊंचं नेमकं काम काय होतं आणि आज त्यातलं काय जमत नाही, हे डॉक्टरांकडून लेखी घेऊन अर्जात मांडायलाच हवं. पत्रात तुम्ही लिहिलंय की आता शर्टाच्या गुंड्या तुम्ही लावून देता आणि वैरणीचा भारा बांधताना दोरी निसटते. हे जसंच्या तसं सांगा. लाजू नका.

भरपाई अपघाताच्या दिवसापासून देय होते, हेही त्याच निकालात आहे. महिन्याभरात दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज. ३,६५,९९० वर ते वर्षाला ४३,९१९ होतं, म्हणजे महिन्याला साडेतीन हजारांच्या वर. मार्च २०२६ मध्ये दीड वर्ष पूर्ण झालं, त्याचे ६५,८७८. शिवाय विनाकारण अडवून धरलं असं दिसलं, तर मालकाला कारण विचारून ५० टक्क्यांपर्यंत दंडही लावता येतो. पण तो आयुक्तांच्या मनावर आहे, हिशोबात धरू नका. दवाखान्याचा खरा झालेला खर्चही मागता येतो, ते ५८,००० बिलांसकट मांडा. सगळं मिळून ४ लाख ८९ हजारांच्या पुढे जातं. आणि नगर परिषद सव्वा लाखातून ३१,४०० कापून तुमच्या हातावर ठेवणार ९३,६००.

ते ३१,४०० तर त्यांना कापताच येत नाहीत. कलम ९ प्रमाणे या भरपाईवर जप्ती येत नाही, ती कोणाकडे गहाण पडत नाही आणि दुसरं कुठलंही देणं तिच्यातून वळतं करून घेता येत नाही. घरपट्टी थकली असेल तर त्याची नोटीस वेगळी येऊ द्या, ती तुम्ही सवडीनं भरा. पतसंस्थेचं, सावकाराचं कर्ज असलं तरी हेच लागू आहे. भासऱ्यांना हे कलम मुद्दाम वाचून दाखवा. त्यांचा सल्ला वाईट हेतूनं आला नसावा, त्यांनाही हा हिशोब कुणी सांगितलेला नसतो.

‘हातचं सोडून पळत्याच्या मागं’ ही म्हण मला माहीत आहे, आणि एरवी मीही ती अनेकांना ऐकवली आहे. इथे मात्र जे हातात आहे म्हणतात ते ९३ हजार आहे, आणि दुसरं पळत नाहीये. अपघात सगळ्या गावाला माहीत आहे, बँकेत पगार दिसतो, दवाखान्याचे कागद आहेत, बोटं नाहीत. याच्याइतकी भक्कम केस मी क्वचित बघितली आहे.

मग दिवाळीतले १५,००० आणि ती सही. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘आमचीच चूक झाली, आता काही होणार नाही ना?’ ताई, चूक तुमची नाही. दवाखान्याचं देणं डोक्यावर असताना आणि चूल पेटवायची असताना माणूस सही करतो. त्या कागदाची आयुक्तांकडे नोंद झालेली नसेल, तर त्यानं तुमचा हक्क गेलेला नाही. उलट कलम २९ मध्ये असं आहे की अशा नोंद न केलेल्या व्यवहारात दिलेल्या रकमेपैकी अर्ध्याहून जास्त मालकाला कापून घेता येत नाही, आयुक्तांनी वेगळं सांगितलं तर गोष्ट वेगळी. म्हणजे फार तर साडेसात हजार वजा होतील. फक्त एक करा. पैसे मिळालेच नाहीत असं अर्जात कधी लिहू नका. मिळाले ते मिळाले म्हणून सांगा.

मसुद्यातलं पाचवं कलम बघितलं का? त्यात ‘सेवेसंबंधी कोणताही दावा करणार नाही’ असं आहे. भरपाईच्या कागदात नोकरीचं काय काम? १९ वर्षं राबलेल्या माणसाला कामावर असताना अपंगत्व आलं म्हणून घरी बसवणं, हा पूर्ण वेगळा विषय आहे. त्यात २०१६ चा दिव्यांग हक्क कायदाही येतो, ठेक्याचा कागद खरा की नावापुरता हेही तपासावं लागतं. तो वेगळा लढा आहे, लांबचाही आहे, त्यावर आज लिहीत नाही. एवढंच बघा की भरपाई घेताना तो दरवाजा तुमच्याच सहीनं बंद होऊ नये.

कोर्टाची भीती मला समजते. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे आजीच्या तोंडून ऐकत मोठे होतो. पण नुकसानभरपाई आयुक्तांचं काम साधं ठेवलेलं आहे. आपल्या राज्यात हे काम कामगार न्यायालयाचे किंवा दिवाणी न्यायाधीश बघतात, तुमच्या जिल्ह्याला कोणाकडे आहे ते तालुक्याच्या कोर्टात नाझराला विचारलं तरी सांगतील. अपघात जिथे झाला किंवा तुम्ही जिथे राहता, तिथल्या आयुक्तांकडे अर्ज करता येतो, म्हणून नागपूर-अमरावतीच्या चकरा मारायची गरज पडेलच असं नाही. वकिलाची फी झेपणार नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा, कोर्टाच्या आवारातच असते. स्त्रियांना, दिव्यांगांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना मोफत वकील मिळतो. भाऊंच्या नावानं अर्ज होईल, त्यांना तो दिव्यांग म्हणून मिळतो. १५१०० या नंबरवर फोन लावला तरी वाट दाखवतात.

वेळ किती लागेल? कायदा तीन महिन्यांत निकालाचं म्हणतो. प्रत्यक्षात जास्त लागतो, तुम्हाला खोटा धीर देणार नाही. पण केस उभी राहिली की नगर परिषदेचे वकीलच तडजोडीचं बोलतील, कारण व्याज चढत असतं आणि हायकोर्टात अपील करायचं तर ठरलेली सगळी रक्कम आधी भरावी लागते. ‘नगर परिषदेकडे निधी नाही’ हेही चालत नाही. हुकूम झाल्यावर दिली नाही तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. त्या वेळी तडजोड करायला हरकत नाही, आयुक्तांपुढे किंवा लोक अदालतीत. माझं मत विचाराल तर ३,६५,९९०, दवाखान्याचा खर्च आणि त्या तारखेपर्यंतचं व्याज, याच्या जवळपास आकडा आला आणि पैसे एकरकमी आयुक्तांकडे जमा होत असतील, तर थोडं व्याज सोडूनही घ्या. पोरीच्या प्रवेशाच्या वेळी हातात पैसा असणं ही मोठी गोष्ट आहे. मात्र लोक अदालतीतला निवाडा शेवटचा असतो, त्यावर अपील नाही, म्हणून तिथेही आकडा ऐकल्याशिवाय पेन उचलायचं नाही.

कागदांचं सांगतो. बँकेचं पासबुक अपघाताच्या आधीच्या वर्षभराचं भरून आणा, पगाराचा तोच पुरावा. वयासाठी शाळेचा दाखला किंवा आधार. दवाखान्याची बिलं पिशवीत एकत्र कोंबलेली असतील तर तारखेप्रमाणे लावून प्रत्येकाची झेरॉक्स काढा, औषधाच्या चिठ्ठ्यांवरची शाई उन्हाळ्यात उडते. माहितीच्या अधिकारात नगर परिषदेला अर्ज टाका, दहा रुपयांचं तिकीट लागतं, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तेही नाही. त्यात चार गोष्टी मागा: ठेक्याच्या कराराची प्रत, ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ चं मस्टर, जॅकवेलचं लॉगबुक आणि तुमच्या सव्वा लाखाबद्दल काही ठराव किंवा टिपणी झाली असेल तर तिची प्रत. तीस दिवसांत द्यावं लागतं. ठेकेदार पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापत होता का, हे भाऊंना नीट विचारा. कापत असेल आणि विमा खरंच भरलेला असेल तर वाट बदलते, भरपाई ईएसआयकडून पेन्शनच्या रूपानं मागावी लागते. बँकेत पूर्ण १२,००० येत होते असं तुम्ही लिहिलंय, म्हणून मला तसं वाटत नाही, पण खात्री करा.

त्या सकाळी जॅकवेलवर भाऊंसोबत कोण होतं? पत्रात कोणाचाच उल्लेख नाही. हेल्पर असेल, गाईगुरं धुवायला नदीवर आलेलं कोणी असेल, पोळ्याला बैल न्हाऊ घालायला गावातली माणसं घाटावर असतातच. ज्यानं भाऊंना गाडीवर घालून दवाखान्यात नेलं, त्याचं नाव आजच लिहून ठेवा. हेल्पर अजून नगर परिषदेत कामाला असेल तर त्याच्यावर दबाव येईल, त्याला अडचणीत न आणता दुसरा साक्षीदार मिळतो का ते आधी बघा.

आणि तारीख. अर्जाला अपघातापासून दोन वर्षांची मुदत आहे. योग्य कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्या भरवशावर राहायचं नाही. तुम्ही लिहिलंय, ‘येत्या पोळ्याला दोन वर्षं होतील.’ इथे जपा. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे पोळा सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. पोळ्यावर मोजाल तर मुदत आठ-दहा दिवस आधीच संपलेली असेल. कॅलेंडरवर १ सप्टेंबरला लाल गोल करा आणि अर्ज मात्र मे महिन्यात, कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आत टाकायचा असं धरून चाला.

सोमवारी साहेबांनी ‘आज सही नाही तर उद्या हेही नाही’ असं म्हटलं, तर भांडू नका. एवढंच म्हणा: ‘साहेब, आम्हाला तडजोड मान्य आहे, पण ती आयुक्तांसमोर नोंदवून द्या, आणि रक्कम कशी काढली तो हिशोब लेखी द्या.’ हेच दोन ओळींत लिहून, भाऊंच्या सहीनं, आवक-जावकला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. तो शिक्का मारलेला कागद आणि सोमवारच्या मसुद्याचा फोटो मला पाठवा. अर्जाचा कच्चा मसुदा मी लिहून देतो, विधी सेवेच्या वकिलांना तो दाखवता येईल.